आकडे आधी वाईट दिसू देत

अगं, आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. क्वालिटीचं काम घेऊन तू काही चुकलेली नाहीस. तुला कंटाळा आलाय तो त्या फाइलींचा, कामाचा नाही. मरोळच्या गाळ्यात रुजू झालीस तेव्हा केवढी खुशीत होतीस! रोटाव्हेटरचे शाफ्ट, फ्लँज, गिअरबॉक्सची झाकणं. आपल्या हातून गेलेला भाग कुठल्यातरी शेतात फिरणार, हे तुझं घरात प्रत्येकाला सांगून झालं होतं. आणि आता मोठ्या कंपनीचे लोक सप्लायर असेसमेंटला येणार, म्हणून मालकांनी मागच्या महिन्यांचे मापांचे कोरे चार्ट तुझ्यापुढे ठेवले. म्हणाले, भरून टाक, गुण चांगले पडले पाहिजेत.

ते भरू नकोस. भांडून नको, शांतपणे सांग की सर, न मोजलेले आकडे लिहिले तर त्यांना लगेच कळेल. आणि कळतंच गं. खोटा चार्ट लांबून ओळखू येतो. सगळीकडे एकाच पेनाची शाई, एकाच हाताचं वळण, कडेला तेलाचा एक डाग नाही. आकडे मधल्या रेषेभोवती इतके शहाण्यासारखे बसलेले असतात की तसे कुठल्याही लेथवर येत नाहीत. कोरं पान दिसलं तर ऑडिटर त्या पानाचे गुण कापतो. खोटं पान सापडलं की खऱ्या पानांवरचाही त्याचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला वर्षं लागतात. तू आजपासून मोजायला लाग आणि आजपासूनची तारीख घाल. असेसमेंटच्या दिवशी तीन आठवड्यांचा खरा चार्ट दाखवलास तरी चालेल.

तुझ्या हातात असेसमेंटचा जो तक्ता आलाय, त्यात एक ते पाच अशा पायऱ्या असतील. त्या कुठून आल्या ते सांगते, कारण तुझी पुढची दोन वर्षं कशी जाणार हे त्यातून कळतं. फिलिप क्रॉस्बी नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते, आयटीटी कंपनीत गुणवत्तेचं खातं सांभाळलेले. १९७९ साली त्यांचं 'क्वालिटी इज फ्री' हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी कारखान्याच्या समजेच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिलीवर सगळा गोंधळ, दोष निघाला की क्वालिटीवाल्याला धरा. दुसरीवर जाग येते, पण खिशात हात जात नाही. तिसरीवर कारणं शोधायला सुरुवात होते. चौथीवर दोष व्हायच्या आधी अडवतात. पाचवीवर दोष का होत नाही, हेही त्यांना सांगता येतं. इतकं सगळे प्रशिक्षणवाले सांगतात.

खरी गंमत त्याच तक्त्यातल्या एका ओळीत आहे, आणि तिच्यापाशी कुणी थांबत नाही. ती ओळ खर्चाची. खराब गुणवत्तेपायी विक्रीच्या किती टक्के पैसा वाया जातो, याचे क्रॉस्बींनी प्रत्येक पायरीवर दोन आकडे दिले. एक कंपनीच्या वहीत लिहिलेला आणि एक खरा. पहिल्या पायरीवर वहीत काहीच नसतं, खरा खर्च २० टक्के. दुसरीवर वही म्हणते ३, खरा १८. तिसरीवर वहीत ८, खरा १२. चौथीवर वहीत साडेसहा, खरा ८. पाचवीवर वही आणि खरं एकच, अडीच टक्के. हे त्यांच्या अनुभवातले अंदाज आहेत, तुझ्या गाळ्यातला आकडा वेगळा निघेल. पण ओळ पुन्हा वाच. खरा खर्च पहिल्या पायरीपासून उतरतोच आहे. वहीतला मात्र शून्यावरून ३, ३ वरून ८ असा चढतो आणि मग उतरतो.

म्हणजे काय होणार, सांगू? तू नीट काम केलंस तर पहिल्या सहा-आठ महिन्यांत तुझ्या गाळ्याचा रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसेल. आधी जे रिवर्क कुणी लिहीतच नव्हतं, ते तू लिहिशील. संध्याकाळी थांबून बर घासून काढली, बोअर पुन्हा मारून घेतला, एक शाफ्ट मोडीत टाकला, हे सगळं आजवर 'कामातच धरलं' जात होतं. आता त्याला तारीख, तास आणि रुपये लागतील. मालक म्हणतील, ही मुलगी आल्यापासून रिजेक्शन वाढलं! हे वाक्य तुला ऐकावं लागणार, त्याची आतापासून तयारी ठेव. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मीही ऐकलंय. एका कारखान्यात तर महिन्याच्या बैठकीत माझा तक्ता पडद्यावर आला की साहेब चष्मा काढून ठेवायचे.

म्हणून त्यांना आधीच सांगून ठेव. क्रॉस्बींची ती ओळ कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेव आणि म्हण, सर, आपला आकडा आधी वर जाईल. तो वर गेला तर समजायचं की आपण पाहायला लागलो. वाढलेला आकडा अचानक समोर आला की माणसाला धक्का बसतो. आधी सांगितलेला असेल तर तोच माणूस तुला विचारतो, "मग, दिसला का तो?" तुझे मालक स्वभावाने वाईट नाहीत, हे तुझ्याच बोलण्यातून कळतं. त्यांना ऑर्डर जाण्याची भीती आहे. ती समजून घे आणि सोबत आकडा रुपयांत ठेव. टक्के आणि पीपीएम, म्हणजे दहा लाखांमागे किती दोष, हे ऐकून मालकाची झोप उडत नाही. "या महिन्यात रिवर्कमध्ये दोन माणसांचा पगार गेला" म्हटलं की उडते.

तुला वाटत असेल, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं, आपल्या गाळ्याला काय त्याचं? तर ऐक. तुझ्या गाळ्यापासून लांब नाही, कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्रांचा ट्रॅक्टर कारखाना आहे. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. १९६५ मध्ये बी-२७५ हा त्यांचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९७७ ला ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. त्या काळात गिऱ्हाईक ट्रॅक्टरची वाट बघत असायचं, माल कमी आणि मागणी जास्त. अशा दिवसांत दोष शोधायची गरज कुणालाच वाटत नाही, कारण जे बनतं ते खपतं. पुढे स्पर्धा आली, परवाने गेले, आणि प्रश्न बदलले. २००३ मध्ये महिंद्राच्या शेती यंत्र विभागाला गुणवत्तेचं डेमिंग पारितोषिक मिळालं, जगातल्या ट्रॅक्टर कंपन्यांत पहिलं. २००७ मध्ये त्यावरचं जपान क्वालिटी मेडल मिळालं. पहिल्या ट्रॅक्टरपासून डेमिंगपर्यंत अडतीस वर्षं गेली. आपल्या लोकल लाइनवरचीच ही गोष्ट आहे, म्हणून सांगते. तिकडे भांडुपला टायर बनवणाऱ्या सिएटलाही २०१७ मध्ये डेमिंग मिळालं आणि २०२३ मध्ये त्याच्या वरचं ग्रँड प्राइझ.

डेमिंग हे नाव तुझ्या कानावर सतत पडणार, म्हणून हेही माहीत असू दे. विल्यम एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९५० साली त्यांनी जपानात कारखानदारांना व्याख्यानं दिली. त्या व्याख्यानांच्या छापील प्रतींचं मानधन त्यांनी तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेलाच देऊन टाकलं, आणि त्यातून १९५१ पासून हे पारितोषिक सुरू झालं. भारतात ते सगळ्यात आधी १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम क्लेटनला मिळालं. या पारितोषिकाचे परीक्षक फाइल बघतात, पण खाली फ्लोअरवर उतरून मशीनवरच्या माणसालाही विचारतात, की हा चार्ट तू का भरतोस? त्या माणसाचं उत्तर कुठल्याही फाइलीत आधी लिहून ठेवता येत नाही. तुझ्याकडे येणारे लोकही अशाच एखाद्या कंपनीत तयार झालेले असतील, तर तेही हेच विचारतील. त्यामुळे आठवडाभर फाइली सजवण्यापेक्षा लेथवरच्या काकांशी रोज दहा मिनिटं बोल.

काकांवरून आठवलं. तू म्हणालीस ना, की ते प्रत्येक पीस मोजतात, थोडा इकडे-तिकडे दिसला की लगेच ऑफसेट, म्हणजे टूलची जागा, बदलतात, आणि तरी शाफ्टवरच्या बेअरिंगच्या जागेचं माप सारखं वर-खाली येतं. तुला वाटतंय ते निष्काळजी आहेत. उलट ते फारच काळजी घेतायत. मशीन, टूल, बार, शीतक द्रव, मोजणारा हात, या सगळ्यांमुळे प्रत्येक पीस थोडासा वेगळा येणारच. तो त्या मशीनचा स्वाभाविक हेलकावा. प्रत्येक पिसामागे तेवढं ऑफसेट बदललं की हेलकाव्यावर आपला हात भर घालतो आणि फैलाव वाढतो. डेमिंग नरसाळ्यातून गोट्या सोडून हेच दाखवायचे. एका गोटीची चूक दुरुस्त करायला नरसाळं हलवलं की पुढच्या गोट्या जास्त पसरतात.

काकांना हे शिकवायला जाऊ नकोस. त्यांनी त्या लेथवर तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं काढलीत. त्यांना विचार, "काका, आज एक लॉट ऑफसेटला हात न लावता काढून बघू या का? मी बाजूला उभी राहून मोजते." दोन लॉटचे आकडे शेजारी शेजारी मांडले की ते स्वतःच सांगतील. आणि एकदा त्यांनी सांगितलं की गाळ्यातली बाकीची मुलं ऐकतात. तू सांगून ती ऐकणार नाहीत, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. डेमिंगनी आपल्या अनुभवावरून लिहिलंय, की सुमारे ९४ टक्के अडचणींचं मूळ कामाच्या व्यवस्थेत असतं आणि ती बदलणं व्यवस्थापनाच्या हातात असतं. तेव्हा "कुणी केलं?" हा प्रश्न तोंडात आला की गिळ. "तेव्हा मशीनवर काय चालू होतं?" असं विचार.

आता शेतीच्या यंत्रांचं एक वेगळेपण सांगते, ते कारच्या भागांत काम केलेल्या लोकांना पटकन उमगत नाही. कार रोज चालते. काही बिघडलं की सर्व्हिस सेंटरला जाते, तिथून ते कंपनीला कळतं. रोटाव्हेटर वर्षातून काही आठवडे चालतो. तू आज पास केलेला शाफ्ट विदर्भातल्या एखाद्या दुकानात उन्हाळाभर उभा राहील, आणि मोडेल तो ऐन हंगामात. पाऊस पडून गेला, जमिनीला वाफसा आला, पेरणीला चारच दिवस हातात आहेत, आणि यंत्र उभं. शेतकरी तेव्हा तक्रारीचा अर्ज भरत बसत नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जातो, जोड मारून घेतो आणि रात्री पुन्हा शेतात उतरतो. मोडका भाग भंगारात जातो. विक्रेत्याने ऐकलं तरी पुढे कळवत नाही, कारण वॉरंटीचे कागद भरायचे, भाग परत पाठवायचा, एवढा व्याप कोण करणार? तुमच्या दप्तरात मग त्या लॉटसमोर काय दिसतं? शून्य तक्रारी.

त्या शून्यावर विश्वास ठेवू नकोस, बाई. मी शेतावर पहिल्यांदा गेले तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या अवजाराला जागोजागी वेल्ड होते. वेल्डिंगवाल्याने आतून पट्टी लावून तो सांधा आमच्या मूळ सांध्यापेक्षा मजबूत केला होता. आमच्या डिझाइनवाल्यांना जे सुचलं नव्हतं, ते त्याला सुचलं होतं, कारण मोडलेलं त्याच्यासमोर येत होतं. त्या दिवसापासून मी तालुक्याच्या गावी गेले की आधी वेल्डिंगच्या दुकानात जाते. चहा मागवायचा आणि विचारायचं, दादा, हंगामात सगळ्यात जास्त काय येतं जोडायला? तो जे सांगतो, त्याने कारखान्यातलं कितीतरी सुधारतं. तुझ्या मालकांना सांग, वर्षातून दोनदा तुला आणि लेथवरच्या एका मुलाला शेतावर पाठवा. एसटीचा खर्च आणि एक मुक्काम.

आणि जमीन सगळीकडे सारखी नसते हे डोळ्यांनी बघ. कोकणात भातासाठी चिखलणी करतात, तिथे रोटर पाण्या-चिखलात बुडालेला असतो. ऑइल सील जरा सैल बसला असेल, शाफ्टवर सीलच्या जागी एक बारीक ओरखडा असेल, तर पाणी आत, तेल बाहेर, आणि बेअरिंग संपलं. तोच शाफ्ट मराठवाड्यात सुकलेल्या काळ्या ढेकळांवर चालला तर सील टिकेल, पण भार मरणाचा येईल. मुरमाड रानात दगड लागतात, तिथे पात्यांची परीक्षा. पातं जास्त कडक झालं तर दगडावर तडकतं, मऊ राहिलं तर एका हंगामात झिजून जातं. धारेला कडकपणा हवा आणि बोल्ट बसतो त्या दांड्याला चिवटपणा, आणि हे सगळं हीट ट्रीटमेंटवर ठरतं. तुमच्याकडे हीट ट्रीटमेंट बाहेरून होते ना? मग तिथून येणाऱ्या चलानाबरोबर कडकपणाचा अहवाल येतो का आणि तो खरा आहे का, हे तू स्वतः तपास. लॉटमधले दोन-चार पीस काढून तिसऱ्याच ठिकाणी मोजून घे. भागावर आकार बघितला म्हणजे सगळं बघितलं असं नसतं, पोलादाच्या पोटातलं व्हर्नियरला दिसत नाही.

आणि उद्यापासून, अगदी उद्यापासून, प्रत्येक शाफ्टवर लॉट नंबर पंच करायला लाव. मोडका भाग कधीकाळी परत आला तर तो कुठल्या बारमधून, कुठल्या हीटमधून, कुठल्या आठवड्यात निघाला हे कळलंच पाहिजे. नंबर नसेल तर त्या भागाकडे बघून हळहळण्यापलीकडे हातात काही राहत नाही. पंचचा सेट फार महाग नसतो. बाकी कितीही मोठ्या सुधारणा पुढे करा, पण हे आधी.

आता प्रमाणपत्रांचं थोडक्यात. तुझ्या मालकांना कुणीतरी आयएटीएफ १६९४९ घ्यायला सांगितलंय म्हणालीस. ते वाहन उद्योगासाठीचं आहे आणि त्याच्या नियमांत शेतीची यंत्रं बसत नाहीत. फक्त ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरचे भाग करणाऱ्याला ते मिळत नाही. पैसे घालवण्याआधी हे त्यांच्या कानावर घाल. त्यातल्या पद्धती, म्हणजे कंट्रोल प्लॅन, दोष कुठे होऊ शकतो याचा आधीच विचार, पहिल्या पिसाची मंजुरी, या मात्र उचल. त्या सगळ्यांना खुल्या आहेत आणि तुमची गिऱ्हाईक कंपनी त्या मागणारच. आयएसओ ९००१ ठीक आहे. पण तुला स्वतःची पायरी खरंच बघायची असेल तर आयएसओ ९००४ चं २०१८ चं पुस्तक मिळव. त्याच्या परिशिष्टात पाच पातळ्यांचा स्वतःच स्वतःला तपासायचा तक्ता आहे. त्यावर कुणी प्रमाणपत्र देत नाही, म्हणून त्यात खोटं लिहायचा मोहही होत नाही. लहान उद्योगांसाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची झेड योजना आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी. सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के सवलत मिळते. तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

भारतीय मानकं लागली तर तुला लांब जायला नको. मानक ब्युरोचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईतच आहे. ज्या यंत्रात तुमचा भाग जातो, त्या यंत्राचं मानक एकदा शांतपणे वाच. ड्रॉइंगवरची ती एक टॉलरन्स तिथे का लिहिली आहे, हे वाचल्यावर समजतं.

मानकासारखाच यंत्राचा परीक्षण अहवालही वाच, पण त्यावर विसंबून राहू नकोस. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांची संस्था आहे, १९५५ पासूनची. शिवाय हिसार, अनंतपूरजवळ गार्लदिन्ने आणि आसामात बिस्वनाथ चारियाली इथेही अशा संस्था आहेत. ट्रॅक्टरची ताकद, ओढ, ब्रेक, हायड्रॉलिकची उचल सगळं तपासतात, शेतात चालवतात, मग उघडून आतली झीज मोजतात. काम नेटकं आहे, मला त्याबद्दल आदर आहे. अनुदानासाठी यंत्राचा असा अहवाल लागतो, म्हणून कंपन्या तो जिवापाड जपतात. पण बुदनीला गेलं ते एक यंत्र होतं, निवडून, पुसून, दहा वेळा तपासून पाठवलेलं. शेतकऱ्याच्या दारात जातं ते त्यानंतरचं हजारावं, दिवाळीच्या आधी घाईत जोडलेलं. त्या हजाराव्या यंत्राची हमी बुदनी देऊ शकत नाही. ती तुझ्यासारख्या कुणीतरी साकीनाक्याच्या, वसईच्या, मरोळच्या गाळ्यात बसून द्यायची असते.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे, तूही राहा. मळणी यंत्रात माणसांचे हात गेले, इतके गेले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेचं वेगळं मानक आहे, पेंढी आत सरकवायच्या नळीची लांबी कशी असावी, ती कशी झाकलेली असावी इथपर्यंत. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा दांडा, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे फिरतो. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, ओढणी त्यात अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. त्यावर जाळी, कव्हर असतं. शेतकरी ते काढून टाकतात म्हणून कंपन्या त्यांना नावं ठेवतात. का काढतात, ते कधी विचारलं? ग्रीस भरायला हात जात नाही, प्लॅस्टिक उन्हाने तडकतं, पिन हरवली की दुसरी मिळत नाही. जे कव्हर एका हंगामात काढून ठेवावं लागतं, ते कव्हर नापास. अशा भागावर 'डेव्हिएशनवर पास', म्हणजे ठरल्यासारखा नसला तरी चालवून घ्या, हा शिक्का तुझ्या हातून कधीही पडू देऊ नकोस. बाकीच्या भागांत कधी तडजोड होईल, गिऱ्हाईकाची लेखी परवानगी घेऊन होऊ दे. इथे नाही.

शेतकरी नवं यंत्र घ्यायला कचरतो, हट्टी आहे, असंही तुझ्या कानावर येईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल असं लोकांना वाटायचं. पहिले नांगर विकायला वर्षं गेली. त्याआधी हेच लक्ष्मणराव आपल्या मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्याच नांगरावर. मला यातून एवढंच दिसतं, की गिऱ्हाईकाची भीती घालवायचं काम बनवणाऱ्याचं असतं, आणि ते यंत्र शेतात टिकूनच होतं.

आता तुझं स्वतःचं. गाळ्यात बायकांसाठी नीट स्वच्छतागृह नाही हे तू अगदी सहज बोलून गेलीस, आणि पाणी कमी पिते म्हणालीस. हे अजिबात चालणार नाही. ऑडिटच्या यादीत कामाच्या जागेच्या सोयी येतात, तेव्हा हा मुद्दा लिहून दे आणि इस्टेटच्या सोसायटीकडेही अर्ज कर. लाजू नकोस. मी सुरुवातीची वर्षं लाजण्यात घालवली आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे खेटे घातले. घाटकोपरच्या मेट्रोतली गर्दी टाळायला मालकांकडून अर्धा तास लवकरची वेळ मागून घे. सकाळी पहिला पीस निघतो तेव्हा तू तिथे असणं त्यांच्याही फायद्याचं आहे. बूट चांगले घे, आणि दुपारी जेवायला ऑफिसात एकटी बसू नकोस. फ्लोअरवरच्या लोकांबरोबर डबा खा. कुठल्या मशीनचा आवाज बदललाय हे तुला तिथे कळेल, कुठल्याही रजिस्टरात सापडायच्या कितीतरी आधी.

आणि मालकांनी ऐकलंच नाही तर? हळूहळू ऐकणाऱ्या माणसाबरोबर थांबायचं. दर महिन्याला एक गोष्ट जरी बदलत असेल, एक गेज कॅलिब्रेशनला गेला, एक ड्रॉइंग जुनं काढून नवं लागलं, तरी थांब. अशा ठिकाणी जे शिकायला मिळतं ते मोठ्या कंपनीत दहा वर्षांत मिळत नाही, कारण तिथे एकाच मशीनवर एकाच चार्टपुरती तुझी ओळख राहते. पण कडकपणाच्या अहवालावरचा आकडा बदलून सही कर असं कुणी म्हणालं, तर सही करायची नाही. एकदाही नाही, ऑर्डर कितीही अडली असली तरी. तारीख घालून तुझ्या वहीत नोंद कर, आणि राजीनाम्याचा कागद हातात घेण्याआधी मला फोन कर. घरच्यांचं मी बघते, कर्जाचा हप्ता कसा भागवायचा तेही बघू.

या रविवारी बोरिवलीला ये. पोह्यांना ये, म्हणजे दुपारपर्यंत वेळ मिळेल. मागच्या पंधरा दिवसांत बेअरिंगच्या जागेची जेवढी खरी मापं घेतली असशील तेवढी वहीत उतरवून आण, न घेतलेली राहू देत. आलेखाचा कागद माझ्याकडे आहे. पहिला चार्ट आपण हातानेच काढू, कॉम्प्युटर नको. तो मग सोमवारी काकांच्या लेथशेजारी लाव, त्यांना पेन्सिल दे, आणि पुढचे ठिपके त्यांना घालू दे.